गिअरबॉक्सची ओळखपरेड

आमच्या क्वार्टरच्या दारात सव्वा महिना एक लोखंडी वस्तू पडून होती. ती गिअरबॉक्स आहे, इथवर सगळ्यांचं एकमत होतं. पण कशाचा, हे विचारलं की जवाहरनगरात जेवढी क्वार्टरं तेवढी उत्तरं मिळत. ठाम नसलेला माणूस सबंध कॉलनीत एकच होता आणि त्या वस्तूचा मालकही तोच होता. म्हणजे मी.

साल त्र्याऐंशी. मी बारूदाच्या कारखान्यात मजूर. शिक्षण सातवी, पुढचं सगळं रद्दीच्या दुकानात. यंत्रातलं मला काही कळत नव्हतं आणि जीपशिवाय चालणारही नव्हतं. त्याला कारण भय्याजी.

आदल्या वर्षी दसऱ्याला आम्ही दीक्षाभूमीला जायला भय्याजीची जीप भाड्यानं केली होती. माझी आई धुरपताबाई सगळ्यांच्या आधी येऊन समोरच्या सीटवर बसलेली. वाटेत मौद्याला भय्याजीचे कुणी पाव्हणे भेटले. भय्याजी आईला म्हणाला, "बाई, तुम्ही जराशा मागं सरका, पाव्हण्याईले समोर लागते." आई मागे गेली. उरलेली वाट स्टेपनीवर बसून आली आणि नागपूरपर्यंत एक शब्द बोलली नाही. मी मात्र बोललो. गप्प बसता न येणं हा माझा जुना आजार आहे. उतरल्याबरोबर शंभर माणसांत ओरडून सांगितलं, "भय्याजी, पुढच्या दसऱ्याले माही आई माह्या सोताच्या जीपमधी येईल. अन् समोरच्या सीटवर बसून येईल!"

त्या वेळी माझ्याकडे सायकल होती. तिलाही मागचा ब्रेक नव्हता.

जीप कशी आली ते सांगत बसत नाही. एका खात्याच्या लिलावात ओरडायची पाळी आली, आणि ओरडण्यात मला कोण हरवणार? हिरवी, चारही चाकांना ताकद असलेली, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. घरी आली, चौथ्या दिवशी कॉलनीजवळच्या ठाणा गावच्या पेट्रोल पंपासमोर तिच्या पोटातून नारळ फुटल्यासारखा आवाज झाला आणि रस्त्यावर तेल, दाते आणि माझी अब्रू असं सगळं एकदमच सांडलं. गिअरबॉक्सचा डबाच फुटला होता. दसरा दीड महिन्यावर. आणि पंपावर हवा भरत कोण उभं होतं, ते लिहायची गरज नाही.

"काहून गजभिये, आईले आनाले चालले काय?" भय्याजीनं विचारलं.

माझा मावसभाऊ डोमा नाकाडोंगरीला राहतो. निरोप गेला आणि तिसऱ्या दिवशी तो हजर. म्हणाला, "दादा, आमच्याकडं त्या बंद पडलेल्या खाणीमागं जंगलात एक गिअरबाक्स पडून हाये. जीपचाच दिसते. मालकाले मी बोलून ठेवलं, घेऊन जा म्हणते."

गेलो. साग-बांबूच्या मधे, वारुळाला टेकून तो बसला होता. मोठा डबा, त्याच्या पाठीला चिकटलेला छोटा डबा, वरून दोन दांड्या, आणि सगळ्यावर हाताच्या जाडीचं काळं किटण. कोंड्याच्या ट्रकवर चार जणांनी चढवला, आणि निघालो तर वाटेत जंगलखात्याचा नाका.

नाकेदारानं कोंड्यात काठी खुपसली. काठी वाजली.

"हे काय होय?"

"गिअरबॉक्स."

"कुठून आनला?"

"जंगलातून," मी खरं सांगितलं. खरं बोलण्याचा मला गर्व आहे आणि त्यानंच माझं आजवर वाटोळं केलं आहे.

"जंगलातून निंगालं म्हंजे वनोपज. पास पाह्यजे."

"साहेब, हे कोणत्या झाडाले लागते?"

तो चिडला नाही. त्यानं रजिस्टर उघडलं. "बरं, वनोपज नाही म्हनता. मंग नाव सांगा. कोन्या गाडीचा हाये?"

"तेच ओळखायचं आहे."

"म्हंजे तुमाले मालूम नाही? मालकालेच मालूम नाही त्याचा माल काय हाये?" त्यानं पेन खाली ठेवलं. "मंग त हा चोरीचा हाये."

मी तिथंच नाक्याच्या ओट्यावर बसून तीन पानी अर्ज लिहिला. त्यात राज्यघटना होती, इंग्रजांचे जंगलाचे कायदे होते, आणि 'सामान्य माणसाची पावलोपावली होणारी मानहानी' हे शब्द दोनदा होते. नाकेदारानं अर्ज संपूर्ण वाचला, घडी घातली, खिशात ठेवला आणि म्हणाला, "चांगलं लिवता तुमी. पन नाव नाहीच आलं त्यात." शेवटी डोमानं त्याला बाजूला नेऊन तंबाखू दिली. दोन मिनिटांत पास तयार. त्यावर लिहिलं होतं: 'लोखंडी खोड, नग एक.'

पुढचा सव्वा महिना त्या वस्तूच्या ओळखीचा तेवढा एकच सरकारी कागद आमच्याकडे होता.

आता कॉलनी. बारूदाच्या कारखान्यात हयात गेलेल्या माणसांची एक सवय बाहेरच्याला कळत नाही. अनोळखी लोखंडाजवळ ती चपला काढून, खिशातली आगपेटी दूर ठेवून जातात. लोखंडावर लोखंड मारायचं नाही, खरवडायचं नाही, घासायचं नाही. हातोडी लागली तर पितळेची, पट्टी लागली तर बांबूची. कारखान्यात हे बरोबरच आहे, तिथं ठिणगी म्हणजे मरण. पण माझ्या दारातल्या गिअरबॉक्सजवळ शेजारचा श्यामराव टर्नर आला तोही आगपेटी तुळशीच्या कुंडीत ठेवून, आणि बांबूच्या कामटीनं किटण काढायला बसला. रोज संध्याकाळी अर्धा तास. या वेगानं दिवसाला तळहाताएवढं लोखंड दिसे. मी एकदा विळा घेऊन पुढे झालो तर चार जण ओरडले, "ओ गजभिये, मराचं हाये काय?"

गिअरबॉक्समध्ये वाळलेल्या तेलाशिवाय काही नव्हतं, हे आम्हा पाचही जणांना माहीत होतं. तरी मी विळा खाली ठेवला. सवय काय चीज असते ते त्या दिवशी कळलं.

किटण निघेपर्यंत मतं ऐकायची. श्यामराव म्हणे, हा फौजेच्या मोठ्या गाडीचा, जीपमध्ये मावणारच नाही. समोरचे केशवराव म्हणत, हा जीपचा पण जुन्या, लढाईतल्या. दूधवाला म्हणे ट्रॅक्टरचा. भजनी मंडळाचे एक अध्यक्ष येता-जाता थांबत, पायाच्या अंगठ्यानं त्याला हलवून पाहत आणि "विलायती आहे" एवढंच बोलून पुढे जात. कुंताबाई आणि विमलाबाई, आईच्या दोन्ही मैत्रिणी, ज्यांच्या जागा मागच्या सीटवर ठरलेल्या होत्या, रोज येऊन विचारत, "झाली काय वळख?" एखाद्याच्या घरी मयत पडून आहे आणि पोलिस अजून आले नाहीत, अशा आवाजात.

माझी बायको चंद्रकला त्यावर मिरच्या वाळवी. "याचं नाव काही का असेना," ती म्हणे, "ऊन चांगलं लागते इथं."

अखेर केशवरावांनी प्रकरण हातात घेतलं. केशवराव कारखान्यात चेकर. वीस वर्षं त्यांनी आलेल्या मालाचे नंबर तपासले होते. त्यांचा सिद्धान्त असा, की जगातल्या प्रत्येक वस्तूवर कुठं तरी नंबर असतो, आणि नसेल तर ती वस्तू नाही. त्यांनी वहीचं मधलं जोडपान काढलं, पट्टीनं रकाने आखले. डब्यावरचा ओतीव नंबर. झाकणाचे बोल्ट. शाफ्टचे दाते. गिअर किती. पहिल्यात फेरे, दुसऱ्यात फेरे, तिसऱ्यात फेरे. शेरा. तपासणाऱ्याची सही. खाली साक्षीदाराची.

"आता मतं बंद," ते म्हणाले. "आता फक्त तपासनी."

रविवारी सकाळी ओळखपरेड भरली. निम्मी कॉलनी जमली. श्यामरावच्या कामटीखालून एकेक आकडा बाहेर आला आणि केशवरावांनी तो दवंडी दिल्यासारखा मोठ्यानं वाचला. जुळला! झाकणाचे बोल्ट सहा. जुळले! दाते दहा. जुळले! मग फेरे. पुढचा शाफ्ट मी हातानं फिरवायचा, मागच्यावर खडूची रेघ, रेघ पुन्हा वर आली की श्यामराव "बस!" म्हणणार, केशवराव लिहिणार. पहिल्यात पावणेतीन फेरे. दुसऱ्यात दीड. तिसऱ्यात एकास एक. चौथा मागे जायचा, त्यात पावणेचार. पुस्तकात, म्हणजे ठाण्याच्या मिस्त्रीकडच्या पानं गळालेल्या पुस्तकात, अक्षरशः हेच आकडे.

केशवरावांनी सही केली. श्यामरावनं साक्षीदाराची केली. मग केशवराव उभे राहून म्हणाले, "गजभिये, अस्सल जीपचा हाये. खानदानी माल हाये."

टाळ्या पडल्या. मी चंद्रकलाच्या मिरच्या उचलल्या आणि त्या लोखंडाला माझ्या हातानं पहिली अंघोळ घातली. डोळ्यांत पाणी आलं होतं. काही मिरच्यांचं, काही माझं.

मिस्त्रीला वेळ मिळता मिळता खंडेनवमी उजाडली. दसऱ्याच्या आदला दिवस. सकाळी तो आणि श्यामराव जीपखाली शिरले आणि बारा वाजता डबा बसला. मिस्त्रीनं हात धुतले, पाने, हातोड्या, जॅक सगळं उचलून नेलं आणि दुकानात पाटावर मांडून कुंकू लावलं. श्यामरावनं घरी तेच केलं. त्या दिवशी हत्यारांची पूजा, दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी पान्याला हात लावत नाही.

मी गाडी चालू केली. आई समोरच्या सीटवर, मांडीवर पिशवी, पांढऱ्या लुगड्यात. सगळी कॉलनी दोन्ही बाजूंनी. पहिला गिअर टाकला, क्लच सोडला.

जीप मागे गेली. थोडीथोडकी नव्हे, चांगली ताठ मानेनं गेली आणि श्यामरावच्या वांग्यांच्या वाफ्यात उभी राहिली.

"चुकून मागचा पडला," मी म्हणालो. दुसरा टाकला. उरलेली वांगीही गेली. तिसरा टाकायची हिंमत मी केली, कारण चारचौघांत थांबायला मला येत नाही. मग कुंपण गेलं.

शेवटी मागे जायचा गिअर टाकला, तेव्हा जीप कुरकुरत, कण्हत, बाळंतिणीच्या चालीनं पुढे आली.

केशवराव कागद काढून पुन्हा वाचत होते. तेवढ्यात आमच्यासोबत नागपूरला यायला निघालेला डोमा पिशवी खांद्यावर टाकून पोचला. त्यानं वांगी पाहिली, जीप पाहिली.

"हौ मंग," तो शांतपणे म्हणाला, "तो विंचवरचा होय ना."

"कसली विंच?"

"खाणीतली. ट्रॉल्या वर वढाची. जीपचाच डबा, पन खाणीच्या मिस्त्रीनं छोट्या डब्यात एक चक्री जास्तीची घालून त्याले उलटा फिरवला. तिथं तसंच लागत होतं. पंधरा वर्सं वढल्या बिचाऱ्यानं ट्रॉल्या."

"अरे, मग आधी काहून नाही सांगितलं?"

"तुमी जीपचा हाये का नाही एवढंच इचारलं. तो काय करत होता, हे कोनी इचारलं काय?"

मी केशवरावांच्या हातातला कागद घेतला. नंबर होता, बोल्ट होते, दाते होते. किती फिरतो ते होतं. कुठल्या बाजूला फिरतो, याला रकानाच नव्हता. सहा डोळे त्या खडूच्या रेघेवर होते, आणि रेघ उलटी चालली आहे हे कुणी पाहिलं नाही, कारण ते लिहायचं कुठं?

खरं सांगतो, वांग्यांपेक्षा मला दुसरंच लागलं. नाव सांगितलं की आडनाव विचारणारे, आडनाव सांगितलं की गाव विचारणारे, आणि गाव सांगितलं की वस्ती कोणती विचारणारे लोक, यांच्याशी मी आयुष्यभर कडाकडा भांडलो. माणूस काय करतो ते पाहा, कुणाच्या पोटी आला ते काय विचारता, असे माझे अर्ज तहसीलपासून दिल्लीपर्यंत गेले. आणि माझ्या दारात आलेल्या पहिल्या परक्याला मी काय विचारलं? तू कुठल्या घरचा? खानदानी निघाला तेव्हा टाळ्या वाजवल्या. पंधरा वर्षं त्यानं काय केलं, हे विचारायचं मला सुचलं नाही. मला!

पण रडायला वेळ नव्हता. ती चक्री काढायला दोन तास पुरले असते. श्यामराव म्हणाला, "पाने पूजेत हायेत, गजभिये. उद्या सोनं वाटल्याशिवाय मी हात नाही लावत." मिस्त्रीचंही तेच. मी बौद्ध. माझ्या धर्मात काहीच अडचण नव्हती, पण माझ्या घरात पाना नव्हता.

केशवरावांना आपल्या सहीची लाज वाटत असावी. ते म्हणाले, "मागं तोंड करून जा ना! तीन गिअर हायेत. गाडीचं तोंड उलटं, भंडाऱ्याकडं, मान वळवून चालवा, दोन तासांत नागपूर."

मला पटलंच होतं. आई गाडीतून उतरली नव्हती. ती म्हणाली, "अन् मंग माही सीट मागं होईल नं?"

हा हिशेब कॉलनीतल्या एकाही तज्ज्ञाला सुचला नव्हता. उलट्या गाडीत समोरची सीट मागची होते. मी शंभर माणसांत समोरची म्हणालो होतो.

दसऱ्याला पहाटे पाचला आम्ही त्या एकुलत्या पुढच्या गिअरवर निघालो. आई समोर, चंद्रकला, कुंताबाई आणि विमलाबाई मागे, डोमा पाण्याचे दोन पिपे घेऊन मागच्या फळीवर, कारण दर तीन मैलांनी इंजिनाला पाणी पाजावं लागे. सायकलवाले मागून येत, "जय भीम" म्हणत आणि पुढे जात. एक धोब्याचं गाढव बराच वेळ आमच्या सोबत होतं. मग तेही कंटाळलं आणि पुढे गेलं.

"दादा, मी उतरून चालू काय?" डोमानं विचारलं. "समोर जाऊन जागा धरून ठेवतो."

मौद्याच्या अलीकडे मागून हॉर्न. भय्याजी. त्याच्या जीपमध्ये माणसं ठासून भरलेली. त्यानं गाडी आमच्या बाजूला आणली आणि आमच्या चालीनं चालवायची म्हणून त्याला दोनदा थांबावं लागलं.

"धुरपताबाई," तो मोठ्यानं म्हणाला, "या आमच्या गाडीत. समोर बसवतो. या पाव्हण्याले उठवतो, मंग त झालं? नाही त तिथं पोचाल तवा मंडप सुटला राहील."

मी दात आवळले. माणूस खरं बोलत होता.

आईनं पदर नीट केला. समोर रस्त्याकडे पाहत म्हणाली, "भय्याजी, मी समोरच बसली हावो. दिसत नाही काय तुमाले? जा तुमी. आमाले घाई नाही."

भय्याजीची जीप वळणाआड गेली. धूळ बसेपर्यंत आई तशीच ताठ. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "गेला काय?"

"गेला."

"मंग ती येष्टी थांबव, बापा. मले मोठी घाई आहे."

एसटीला हात केला. चौघी बायका चढल्या. चढता चढता आईनं हुकूम सोडला, "नागपूर लागलं का पारडीच्या नाक्यावर उभी राहतो मी. तिथून पुढं तुह्याच गाडीत बसन. समोर."

पुढचा प्रवास मी आणि डोमानं केला. त्याचं वर्णन करत नाही, काही दुःखं माणसानं स्वतःजवळ ठेवावीत. पारडीच्या नाक्यावर दुपारी दीड वाजता पोचलो तेव्हा आई रस्त्याच्या कडेला उभी होती. साडेतीन तास. कुंताबाईनं बसायला दगड आणून दिला होता, त्यावर ती बसली नव्हती. ती चढली, समोर बसली, पिशवी मांडीवर घेतली; बाकीच्या मागे चढल्या.

आणि तिथून पुढे गंमत झाली. शहरात सगळ्या रस्त्यांवर माणसंच माणसं, विदर्भाच्या गावागावातून, आंध्रातून, मराठवाड्यातून आलेली. ट्रक, मेटाडोर, जीपगाड्या सगळ्या माणसांच्या पावलांनी चाललेल्या. क्लच दाबून दाबून ड्रायव्हरांचे पाय सुजले, गाड्या गचके खाऊन बंद पडत होत्या. फक्त माझी गाडी एकदाही बंद पडली नाही. पायी चालणाऱ्या बाईच्या वेगानं, न अडखळता, नेमकी त्या गर्दीसाठीच घडवल्यासारखी ती चालली. लोक वाट देत होते. आई दोन्ही बाजूंना हात जोडत होती. एक म्हातारी बाजूनं चालता चालता तिला म्हणाली, "पोराची गाडी होय वाटते?" आई म्हणाली, "मंग कोनाची?"

दीक्षाभूमीच्या अलीकडे दोरी बांधलेली. पांढऱ्या गणवेशातल्या पोरांनी हात आडवे केले. आई तिथं उतरली, दोरीखालून गेली, बायका तिच्यामागे. आमच्यापुढे दोन गाड्या सोडून भय्याजीची जीप रस्त्यात आडवी अडकलेली होती.

"गाड्या मागं घ्या! सगळ्या गाड्या मागं!" शिट्ट्या वाजल्या. पोरांनी आमच्या मागचा रस्ता मोकळा केला. भय्याजी गिअरच्या दांडीशी झटत होता. गिअर करकर करत होता आणि पडत नव्हता. मागे जायला त्याच्याकडे एकच गिअर होता.

मी पहिला टाकला. मग दुसरा. रस्ता रिकामा दिसला, म्हणून तिसराही.

दोरीपलीकडून आईचा आवाज आला. ती विमलाबाईला खांद्याला धरून दाखवत होती, "पाह्य, पाह्य! कशी चालून राहिली माह्या पोराची गाडी!"